आकाशमार्गाचें अंतर आणि प्रवासाचा वेळ

दोन गांवांमधील अंतर किती, हा प्रश्न जितका सोपा दिसतो तितका तो सोपा नाहीं. पूर्वींचा वाटसरू अंतर कोसांत सांगे. आणि कोसांचा अंदाज नसला म्हणजे 'सकाळीं निघालें तर दिवेलागणीला पोहोंचाल' एवढें सांगून मोकळा होई. त्याचें तें उत्तर अडाणीपणाचें नव्हतें. प्रवास करणाऱ्याला मैलांशीं फारसें कर्तव्य नसतें. आपण केव्हां पोहोंचूं, एवढेंच त्याला हवें असतें. आजचा प्रवासी विमानाचें तिकीट हातीं घेऊन हाच प्रश्न विचारतो, आणि तिकिटावर छापलेले आंकडे पाहून पुष्कळदां गोंधळून जातो. मुंबईहून मध्यरात्रीनंतर दीड वाजतां सुटलेलें विमान न्यूयॉर्कला त्याच तारखेस सकाळीं साडेसहाला उतरतें. म्हणजे प्रवास अवघ्या पांच तासांचा! परत येतांना मात्र न्यूयॉर्कहून दुपारीं साडेअकराला निघालेला मनुष्य दुसऱ्या दिवशीं बारा वाजतां मुंबईस उतरतो. म्हणजे साडेचोवीस तास! तोच मार्ग, तसलेंच विमान, आणि हिशेबांत हा एवढा फरक कां पडावा?

हा प्रश्न आतां केवळ भूगोलाच्या वर्गांतला राहिलेला नाहीं. ज्या घरांतील मुलगा किंवा मुलगी परदेशीं आहे, त्या घरांत तो व्यवहाराचा प्रश्न झाला आहे. अशीं घरें मुंबई-पुण्यांतच आहेत असें नाहीं. शिरूर आणि दौंड यांसारख्या तालुक्याच्या गांवींहि तीं आहेत. वडील मनुष्य अकस्मात् आजारी पडलें, फोन गेला, आणि 'मी निघतो' असें उत्तर आलें, म्हणजे 'निघतो' आणि 'पोहोंचलों' यांमध्यें किती तास धरावयाचे, हें त्या घराला कळावें लागतें. त्या दृष्टीनें अंतर, वेग आणि वेळ या तिघांचा संबंध नीट समजून घेणें उपयुक्त आहे.

आरंभ जवळच्याच उदाहरणानें करावा. शिरूर हें घोड नदीच्या कांठचें गांव, म्हणून त्याला घोडनदी असेंहि नांव आहे. दौंड हें भीमेच्या कांठचें. शिरूर सुमारें १८ अंश ५० कला उत्तर अक्षांशावर आणि ७४ अंश २३ कला पूर्व रेखांशावर आहे. दौंड १८ अंश २८ कला अक्षांशावर आणि ७४ अंश ३५ कला रेखांशावर आहे. म्हणजे शिरूरपासून दौंड दक्षिणेस २२ कला आणि पूर्वेस १२ कला झालें. अक्षांशाचा एक अंश सुमारें १११ किलोमीटरांचा असतो. साठ कलांचा एक अंश, तेव्हां २२ कलांचे सुमारें ४१ किलोमीटर होतात. रेखांशाचा अंश विषुववृत्तावर तेवढाच असतो, परंतु ध्रुवाकडे जावें तसतसा तो आखडत जातो. कारण सर्व रेखांश ध्रुवाशीं एकत्र मिळतात. शिरूर-दौंडच्या अक्षांशावर तो सुमारें १०५ किलोमीटरांचा भरतो, म्हणून १२ कलांचे २१ किलोमीटर होतात. आतां शाळेंत शिकविलेला काटकोन त्रिकोणाचा सिद्धान्त लावावा. ४१ चा वर्ग १६८१, २१ चा वर्ग ४४१, बेरीज २१२२, तिचें वर्गमूळ सुमारें ४६. शिरूर आणि दौंड यांमधील सरळ अंतर तें हेंच, ४६ किलोमीटर.

परंतु या सरळ रेषेवरून कोणाला जातां येत नाहीं. मध्यें भीमा आहे, आणि रस्ता जेथें पूल असेल तेथेंच नदी ओलांडतो. शिवाय तो गांवें जोडीत, शेतांच्या कडेनें वळसे घेत जातो. म्हणून मोटारीनें जाणाऱ्यास पन्नासाहून अधिक किलोमीटर जावें लागतें. आगगाडीचें तर आणखी निराळें. पुण्याहून पूर्वेकडे जाणारा लोहमार्ग १८५८ सालीं दौंडावरून पुढें गेला, आणि दौंड-मनमाड हा फांटा १८७८ सालीं सुरू झाला. तेव्हांपासून दौंड हें मोठें जंक्शन झालें. शिरूरला मात्र रेल्वे नाहीं. पुण्याहून दिल्लीस मनमाडमार्गें जाणारी गाडी उत्तरेकडे न निघतां आधीं पाऊणशें किलोमीटर पूर्वेकडे दौंडपर्यंत येते आणि मग उत्तरेला वळते. म्हणून पुणें ते दिल्ली हें सरळ अंतर सुमारें १,१५० किलोमीटर असतांना आगगाडीला दीड हजारांहून अधिक किलोमीटर तोडावे लागतात. तात्पर्य, अंतर म्हणून जें सांगतात तें एक नसून तीन आहेत: रस्त्याचें, रुळांचें आणि आकाशाचें. विमानाला नदी, डोंगर किंवा पूल यांची अडचण नाहीं. म्हणून त्याचें अंतर सर्वांत थोडें.

आकाशाचें हें अंतर लहान प्रदेशांत नकाशावर पट्टी ठेवून मोजतां येतें. दूरच्या शहरांच्या बाबतींत मात्र पट्टी दगा देते. पृथ्वी गोल आहे, आणि भिंतीवरचा नकाशा सपाट आहे. गोल वस्तूची साल सोलून सपाट पसरावी तर ती कोठें तरी फाटते किंवा ताणली जाते. १५६९ सालीं मर्केटर यानें जो प्रसिद्ध नकाशा तयार केला त्यांत ध्रुवाकडील प्रदेश फार ताणले गेले आहेत. खलाशाला दिशा राखण्यास तो उत्तम. परंतु अंतर मोजण्यास तो निरुपयोगी. जवळचा मार्ग शोधावयाचा तर पृथ्वीगोल हातीं घ्यावा आणि दोन शहरांवर दोऱ्याचीं टोकें धरून दोरा घट्ट ताणावा. पृथ्वीगोल नसला तर कलिंगडहि चालेल. ताणलेला दोरा ज्या वाटेनें स्थिर होतो ती वाट सर्वांत जवळची. ती रेषा पुढें वाढवीत नेली तर पृथ्वीचे बरोबर दोन सारखे भाग करणारें वर्तुळ होतें. त्यालाच बृहद्वृत्त म्हणतात.

मुंबई आणि न्यूयॉर्क यांवर हा दोरा ताणून पाहिला म्हणजे मोठी मौज दिसते. भिंतीवरच्या नकाशांत न्यूयॉर्क मुंबईच्या पश्चिमेस, किंचित् उत्तरेकडे दिसतें. तेव्हां जाणारानें पश्चिमेकडे तोंड करून अरबस्तान, मिसर, मोरोक्को आणि अटलांटिक महासागर या वाटेनें जावें असें वाटतें. हा मार्ग सुमारें १४,२०० किलोमीटरांचा होतो. दोरा मात्र मुंबईहून जवळजवळ उत्तरेकडेच निघतो. उत्तर दिशेपासून तो पश्चिमेकडे फक्त २७ अंश कललेला असतो. तो बलुचिस्तान आणि तुर्कमेनिस्तान यांवरून रशियांत शिरतो, मॉस्को आणि हेलसिंकी या शहरांच्या जवळून जातो, आइसलंडच्या पूर्वेस ६५ अंश अक्षांशाच्या जवळपास पोहोंचतो, आणि मग ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला स्पर्श करून कॅनडावरून न्यूयॉर्कला उतरतो. या मार्गाची लांबी सुमारें १२,५३० किलोमीटर. नकाशावर जो वळसा दिसतो तोच जवळचा मार्ग, आणि जी सरळ रेघ दिसते तींत सोळाशेंहून अधिक किलोमीटरांचा तोटा! विमानांतील पडद्यावर मार्गाची कमान पाहून 'हा वैमानिक एवढा उत्तरेला कां चालला?' अशी शंका ज्यांना येते, त्यांनीं हा दोऱ्याचा प्रयोग एकदां घरीं करून पाहावा.

अंतर ठरलें, आतां वेग. कांहीं पिढ्यांच्या अंतरानें वेग किती पालटला हें पाहण्यास महाराष्ट्रांतीलच एक उदाहरण पुरे आहे. आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठीं १८८३ सालीं ७ एप्रिल रोजीं कलकत्त्याहून आगबोटीनें निघाल्या आणि ४ जून रोजीं न्यूयॉर्कला पोहोंचल्या. अठ्ठावन्न दिवसांचा तो प्रवास. १८८६ सालीं त्यांनीं फिलाडेल्फिया येथें पदवी घेतली. त्याच सालीं प्रकृति खालावलेल्या स्थितींत त्या परत आल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यांत त्यांचा अंत झाला. त्या काळीं घरचें पत्र परदेशीं पोहोंचण्यास आठवडेच्या आठवडे लागत. आजाऱ्याच्या भेटीला धांवून जाणें ही गोष्ट अशा दूरच्या देशांच्या बाबतींत कोणाच्या मनांतहि येत नसे. दूर गेलेला मनुष्य म्हणजे काळजावर दगड ठेवून निरोप दिलेला मनुष्य.

विमानानें ही स्थिति हळूहळू पालटली. १८ फेब्रुवारी १९११ रोजीं अलाहाबादहून जवळच्या नैनी येथें टपाल घेऊन विमान गेलें. जगांतील पहिलें अधिकृत विमानटपाल म्हणून तें उड्डाण नोंदलें गेलें आहे. अंतर सुमारें दहा किलोमीटर आणि वेळ तेरा मिनिटें. त्या वेगानें शिरूरहून दौंडला जाण्यास सुमारें एक तास लागला असता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून अहमदाबादमार्गें मुंबईच्या जुहू विमानतळावर टपाल आणलें, आणि पुढें तें नेव्हिल व्हिन्सेंट यांनीं बल्लारीमार्गें मद्रासला नेलें. त्यांचें 'पस मॉथ' हें लहानसें विमान ताशीं शंभर मैलांच्या आसपास उडे. शिरूर-दौंडचें अंतर तें सतरा-अठरा मिनिटांत तोडतें. ८ जून १९४८ रोजीं एअर-इंडिया इंटरनॅशनलचें 'मलबार प्रिन्सेस' हें विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हा येथें थांबत लंडनला गेलें. १९६० सालीं जेट विमानें त्या कंपनीच्या सेवेंत आलीं आणि न्यूयॉर्कपर्यंत जाऊं लागलीं. २००७ च्या ऑगस्टमध्यें मुंबईहून न्यूयॉर्कला वाटेंत कोठेंहि न उतरतां जाणारी सेवा सुरू झाली. आजचें मोठें जेट विमान उंचावर ताशीं सुमारें ९०० किलोमीटर वेगानें जातें. शिरूर ते दौंड हें अंतर म्हणजे त्याला तीन मिनिटांचें काम.

आतां भागाकार करावा. १२,५३० ला ९०० नीं भागिलें म्हणजे जवळजवळ चौदा तास येतात. परंतु विमानाला प्रत्यक्ष चौदाच तास लागत नाहींत. धांवपट्टीवर रांगेनें उभें राहणें, चढणें, उतरणें, यांत अर्धा-पाऊण तास जातो. लहान प्रवासांत हा भाग अधिक जाणवतो. पुणें-दिल्लीचे १,१५० किलोमीटर ९०० च्या वेगानें सव्वा तासांत संपावे. परंतु वेळापत्रकांत दोन तासांहून अधिक वेळ दिलेला असतो. लांबच्या प्रवासांत या अर्ध्या-पाऊण तासापेक्षां मोठा वांटा वाऱ्याचा असतो.

पृथ्वीपासून दहा-बारा किलोमीटर उंचीवर, उष्ण आणि थंड हवेच्या सीमेवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोराचे वायुप्रवाह असतात. हिवाळ्यांत त्यांचा वेग ताशीं दोनशें किलोमीटरांच्याहि पुढें जातो. जपानमधील हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनीं १९२० नंतरच्या कांहीं वर्षांत फुगे सोडून या प्रवाहांचें मोजमाप केलें. परंतु त्यांनीं आपला अहवाल एस्पेरांतो या कृत्रिम भाषेंत छापल्यामुळें तो जगांत फारच थोड्यांनीं वाचला. दुसऱ्या महायुद्धांत उंचावरून उडणाऱ्या वैमानिकांना हे वारे प्रत्यक्ष भेटले, तेव्हां सर्वांचें लक्ष तिकडे गेलें.

प्रवाहांत पोहणाऱ्या मनुष्याला जो अनुभव येतो तोच विमानाला येतो. भीमेला पाणी असतां प्रवाहाबरोबर पोहणारा झपाट्यानें जातो, उलट पोहणारा दमतो. त्याच्या हातापायांचें बळ तेंच असतें. मुंबईहून अमेरिकेकडे जातांना सबंध वाटेवर सरासरी ताशीं ५० किलोमीटरांचा वारा समोरून आला असें धरावें. मग जमिनीच्या मानानें वेग ८५० राहतो आणि वेळ पावणेपंधरा तास होतो. परततांना तोच वारा पाठीमागून आला तर वेग ९५० होतो आणि वेळ सव्वातेरा तासांच्या आंत येतो. एवढ्याशा वाऱ्यानें दीड तासाचा फरक पडला. म्हणूनच जाण्याचा प्रवास पंधरा-सोळा तासांचा आणि येण्याचा साधारण चौदा तासांचा असतो. मार्ग आंखणारे लोक रोज हवामान पाहून कधीं दोऱ्याच्या रेषेपासून मुद्दाम दूर जातात. लांबचा परंतु अनुकूल वाऱ्याचा मार्ग जवळच्या प्रतिकूल मार्गापेक्षां लवकर संपतो.

येथें एक सार्वत्रिक गैरसमज दूर केला पाहिजे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. तेव्हां विमान पश्चिमेकडे निघालें म्हणजे पृथ्वी त्याच्या खालून सरकत येऊन ठिकाण आपोआप जवळ येत असलें पाहिजे, असें कित्येक सुशिक्षितांनाहि वाटतें. तसें असतें तर पश्चिमेचा प्रवास लवकर संपला असता. अनुभव तर नेमका उलट आहे. पुण्याहून दौंडला जाणाऱ्या आगगाडीच्या डब्यांत एखाद्या मुलानें चेंडू वर फेंकला तर तो मागच्या बाकावर जाऊन पडत नाहीं, त्याच्याच हातांत येतो. कारण गाडीचा वेग चेंडूच्याहि अंगीं असतो. त्याचप्रमाणें पृथ्वीबरोबर तिचें वातावरण आणि त्यांतील विमान हीं सर्व फिरत असतात. पृथ्वीच्या फिरण्याचा फायदा प्रवाशाला प्रत्यक्ष मिळत नाहीं; उलट त्या फिरण्यामुळेंच वाऱ्यांना पूर्वेकडील वळण मिळतें, आणि तें पश्चिमेकडे जाणाऱ्याच्या आड येतें.

मग तिकिटावरील पांच तास आणि साडेचोवीस तास यांचें कोडें काय? तें घड्याळांचें आहे. सूर्याला रेखांशाचा एक अंश ओलांडण्यास चार मिनिटें लागतात. दौंड शिरूरच्या पूर्वेस १२ कला आहे, म्हणून दौंडला मध्यान्ह शिरूरच्या आधीं ४८ सेकंद होतो. प्रत्येक गांवानें आपापल्या सूर्याप्रमाणें घड्याळ लावलें असतें तर दौंडच्या स्टेशनमास्तराला शिरूरहून आलेल्या प्रत्येक उतारूशीं पाऊण मिनिटाचा वाद घालावा लागला असता. ही अडचण टाळण्यासाठीं १ जानेवारी १९०६ पासून साडेब्याऐंशी अंश रेखांशाची वेळ हिंदुस्थानची प्रमाणवेळ म्हणून स्वीकारण्यांत आली. मुंबईनें मात्र आपली ३९ मिनिटें मागें असलेली 'मुंबई वेळ' त्यानंतरहि पुष्कळ वर्षें हट्टानें चालविली. प्रमाणवेळेच्या मानानें दौंडचा सूर्य आजहि सरासरी ३२ मिनिटें उशिरानें माथ्यावर येतो.

न्यूयॉर्कचें घड्याळ हिवाळ्यांत भारताच्या साडेदहा तास मागें असतें. मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत तेथें घड्याळें एक तास पुढें करीत असल्यामुळें हा फरक साडेनऊ तासांचा होतो. हिवाळ्यांत मुंबईहून रात्रीं दीडला निघालेलें विमान साडेपंधरा तासांनीं, म्हणजे भारतीय वेळेप्रमाणें सायंकाळीं पांच वाजतां उतरतें. त्या क्षणीं न्यूयॉर्कला सकाळचे साडेसहा वाजलेले असतात. परततांना उलट. तेथील साडेअकरा म्हणजे येथील रात्रीचे दहा; त्यांत चौदा तास मिळविले कीं दुसऱ्या दिवशींचे दुपारचे बारा. तिकिटावरून खरा वेळ काढण्याची एक सोपी युक्ति आहे. जाण्याचे आणि येण्याचे तिकिटावरील तास एकत्र मिळवावे आणि निम्मे करावे. पांच आणि साडेचोवीस मिळून साडेएकोणतीस. त्याचे निम्मे पावणेपंधरा. घड्याळांचा फरक एकदां वजा आणि एकदां अधिक होऊन निघून जातो, आणि हातीं सरासरी प्रवासाचा खरा वेळ राहतो.

आकाश मोकळें आहे असें कवि म्हणतात. वैमानिकाला तसें म्हणतां येत नाहीं. प्रत्येक देशाची सत्ता त्याच्यावरील आकाशावरहि चालते, आणि देशादेशांत वितुष्ट आलें म्हणजे आकाशाचीं दारें बंद होतात. २०१९ सालीं फेब्रुवारीअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानवरील बहुतेक मार्ग बंद राहिले. २०२२ सालीं युक्रेनचें युद्ध सुरू झाल्यावर रशियानें पाश्चात्त्य देशांच्या विमानांना आपलें आकाश बंद केलें. तेव्हां हेलसिंकीहून टोकियोला साडेनऊ तासांच्या आसपास जाणाऱ्या विमानांना तेरा तास लागूं लागले. २०२५ च्या एप्रिलअखेरीस पाकिस्ताननें भारतीय विमानांना पुन्हा आकाश बंद केलें, आणि उत्तर भारतांतून अमेरिकेकडे जाणाऱ्या कांहीं विमानांना इंधनासाठीं युरोपांत उतरावें लागलें. पृथ्वीगोलावरचा दोरा तोच राहतो. परंतु राज्यकर्त्यांच्या भांडणानें प्रवाशाचे तास वाढतात. वळशानें केवळ वेळच वाढतो असें नाहीं. अधिक वेळासाठीं अधिक इंधन, त्या इंधनाचा भार वाहण्यासाठीं आणखी इंधन, आणि त्यामुळें प्रवासी किंवा सामान कमी, अशी ती सांखळी आहे. तिचा शेवट तिकिटाच्या किंमतींत होतो.

आतां पुन्हा शिरूर-दौंडकडे यावें. पुण्याच्या लोहगांव विमानतळावरून न्यूयॉर्कला थेट विमान कां जात नाहीं, असें तेथील मनुष्यास वाटणें साहजिक आहे. लोहगांव हें मुळांत वायुसेनेचें ठाणें. तेथील धांवपट्टी सुमारें अडीच किलोमीटरांची आहे. सोळा तासांचें इंधन भरलेल्या अवजड विमानाला ती अपुरी पडते. शिवाय पुणें समुद्रसपाटीपासून सुमारें साडेपांचशें मीटरांहून अधिक उंच असल्यामुळें हवा किंचित् विरळ, आणि विरळ हवेंत विमानाला उचलण्यास अधिक धांवावें लागतें. म्हणून या भागांतील परदेशीं जाणाऱ्यांना बहुधा मुंबईची वाट धरावी लागते. ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं नवी मुंबईच्या विमानतळाचें उद्घाटन झालें. तो मुंबई शहराच्या अलीकडे असल्यामुळें, तेथून सुटणाऱ्या विमानांपुरती मुंबईच्या गर्दींतून जाण्याची यातायात वांचते.

याहूनहि जवळ, दौंडला लागूनच असलेल्या पुरंदर तालुक्यांत, मोठा विमानतळ उभारण्याचा बेत सरकारनें २०१६ पासून मांडला आहे. तो झाल्यास दौंडच्या प्रवाशाचे कित्येक तास वांचतील यांत शंका नाहीं. परंतु त्यासाठीं ज्या सात गांवांच्या जमिनीची निवड झाली, तेथील शेतकऱ्यांनीं तीव्र विरोध केला आहे. पुरंदरचें अंजीर आणि सीताफळ प्रसिद्ध आहे. ज्याची बाग त्या धांवपट्टीखालीं जावयाची त्याला दूरच्या प्रवाशाचा वांचलेला तास पोटाशीं धरतां येत नाहीं. अंतर कमी होतांना त्याची किंमत कोण देतो, हा प्रश्नहि या हिशेबांतच येतो. जो प्रवासी वेळ वांचवूं इच्छितो त्यानें निदान तो प्रश्न मनांत वागवावा, आणि ज्यांच्या हातीं निर्णय आहे त्यांनीं त्याचें उत्तर शेतकऱ्याला पटेल असें द्यावें.

आतां शेवटचा हिशेब घराचा. दौंडहून मुंबईच्या विमानतळापर्यंत पांच-सहा तास, तेथें उड्डाणापूर्वीं तीन तास, आकाशांत साडेपंधरा, उतरल्यावर तपासणी आणि सामान यांत एक-दोन तास. एकूण पंचवीस-सव्वीस तास. यांत विमान जमिनीवरून उचलल्यानंतरचा भाग जवळजवळ तीन-पंचमांश. उरलेले दोन-पंचमांश रस्त्याचे आणि रांगांचे. 'अमेरिका चौदा तासांवर आली' हें म्हणणें म्हणूनच अर्धवट खरें आहे. अकस्मात् निघणाऱ्याला तर तिकीट मिळणें, आणि त्या दिवसाचें विमान सुटून गेलें असल्यास दुसऱ्या दिवसाची वाट पाहणें, हेंहि त्यांत मिळवावें लागतें. न्यूयॉर्कला फोन पोहोंचल्यापासून दौंडच्या दारांत पाऊल पडेपर्यंत दीड ते दोन दिवस धरणें हाच खरा अंदाज होय.

हा आंकडा आधींपासून ठाऊक असलेल्या घरांत ऐन वेळीं चुकीची आशा किंवा व्यर्थ दोषारोप होत नाहीं. दवाखान्यांत असलेल्या आईला 'उद्यां सकाळीं येतो' असें सांगून परवां रात्रीं येणाऱ्या मुलाचें प्रेम कमी नसतें. त्याचा भागाकार चुकलेला असतो. अंत्यविधीसाठीं थांबावें कीं थांबूं नये, हा कठीण निर्णय घेणाऱ्या वडीलधाऱ्यांनाहि खरा आंकडा हाताशीं असला म्हणजे मार्ग दिसतो. म्हणून ज्यांचीं मुलें दूर देशीं आहेत त्यांनीं स्वस्थ वेळीं, सर्वांनीं मिळून, हा हिशेब एकदां कागदावर मांडून ठेवावा: घरापासून विमानतळ किती तास, थेट विमान कोणत्या दिवशीं असतें, वाटेंत उतरावयाचें झाल्यास कोठें आणि किती वेळ, आणि त्या ऋतूंत घड्याळांचा फरक किती.

आनंदीबाईंच्या अठ्ठावन्न दिवसांचे आज अठ्ठावन्न तासहि राहिले नाहींत, ही विज्ञानाची कृपा लहान नाहीं. त्या काळीं आजाऱ्याच्या आयुष्याचा दोर बहुधा अंतराच्या दोराहून आंखूड पडे. आज पुष्कळदां तो पुरतो. मात्र तो पुरावयाचा तर फोन वेळेवर गेला पाहिजे. 'उगाच काळजी नको' म्हणून दोन दिवस गप्प राहणाऱ्या घरानें विमानानें वांचविलेला सारा वेळ स्वतःच्या हातानें गमावलेला असतो. विमानाचा वेग कोणाला वाढवितां येणार नाहीं. निरोप लवकर पाठविणें मात्र प्रत्येकाच्या हातीं आहे.